चिंचोक्यावर दोन घटका

६ जानेवारी २०२६, मंगळवार
लॅब, दुपारी ३.३५

उतरलो! हिरवा दिवा लागला!! यशराज इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. "काय रे, कोण गेलं?" – "गेलं न्हाई सर, उतरलं!"

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं काही झालंच नव्हतं. स्पर्धा देशभरातल्या कॉलेजांची, तेवीस टीम. सगळं सिम्युलेटरवर – यान खोटं, ग्रह खोटा, पण गुरुत्वाकर्षणाचं गणित खरं. ग्रहाला कडी आहेत. कड्यांच्या बाहेरच्या काठाला लागून एक बारकासा चंद्र फिरतो, जेमतेम बारा किलोमीटरचा. आयोजकांनी त्याला नुसता नंबर दिलाय. आम्ही चिंचोका म्हणतो – तपकिरी, थोडा चपटा, एका बाजूला घासून गुळगुळीत केल्यासारखा. त्यावर यान उतरवायचं. पहिल्या तीन टीमना बेंगळुरूच्या एका उपग्रह बनवणाऱ्या कंपनीत सहा महिने काम शिकायला मिळणार.

मला जायचंय. इथं लिहायला काय हरकत आहे – मला फार म्हणजे फार जायचंय.

यान संयोगितानं बांधलं – वजन, इंधन, बॅटरी, सगळं तिचं. यशराज चालवतो. वाट आणि वेळा माझ्या. माझं गणित कुठं चुकलं नाही. एकदाही नाही!

दोघं चहाला गेलेत. मी बसलेय. यान चालूच ठेवलंय. दोन घटका झाल्याशिवाय मला उठवत नाही. यशराज म्हणाला, "झालं की आता! हिरवं म्हंजे हिरवं." संयोगिता म्हणाली, "राहू दे रे तिला. तिचं पाणी गाळायचं असतंय." दोघं हसले. मीही हसले. खोटं नाही ते.

दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. ३.२१ ला पाय टेकले. ४.०९ ला एकदा बघीन आणि घरी जाईन.

४.०९
यान उभं नाही.

७ जानेवारी, बुधवार

कोणाला सांगितलेलं नाही. लॉग तीनदा वाचला. तिन्ही वेळा तेच.

चिंचोक्यावर वजन असं काही नसतंच. तिथं कमरेच्या उंचीवरून वाटी सुटली तर खाली पोचायला पाऊण मिनिटाच्या वर लागतं. तेवढ्यात पोळी लाटून होईल. सावकाश सायकल चालवली तरी माणूस चंद्र सोडून निघून जाईल. हे सगळं मला माहीत होतं. मीच दोघांना समजावून सांगितलं होतं, वाटी हातात धरून.

तर झालं असं. पाय टेकले. यान उडालं – सेकंदाला वीतभरापेक्षा थोडं जास्त, एवढंच. पण तिथं एवढ्यानं सत्तेचाळीस मीटर वर जातं! नियम असा: पाय एकदा टेकलेले असावेत, आणि दहाव्या मिनिटाला यान धड, जमिनीपासून पन्नास मीटरच्या आत असावं. दहाव्या मिनिटाला आमचं यान सतरा मीटरवर होतं. हवेत. (हवा नाही तिथं. पण दुसरा शब्द सुचत नाही.) पन्नासच्या आत म्हणून हिरवा दिवा. आम्ही दिवा बघितला, उंचीचा आकडा कुणीच बघितला नाही. मीही नाही.

मग ते परत टेकलं, परत उडालं. दर वेळी आधीपेक्षा निम्मं. पण आडवं सरकत. आम्ही जी जागा सपाट म्हणून निवडली तो खरा उतार. घसरत घसरत एका खड्ड्यात. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला आडवं पडलं. सोलर पॅनल अंगाखाली, सावलीत. मी बघितलं तेव्हा बॅटरी नऊ टक्के.

दुपारी यशराजनं पेढे आणले. मी एक खाल्ला. कसा खाल्ला कोण जाणे.

८ जानेवारी, गुरुवार

कच्ची यादी लागली. तेवीसमध्ये आम्ही पहिले! हरकती पंधरा तारखेपर्यंत घेणार, मग पक्की.

समडोळीहून वडिलांचा – अप्पांचा – फोन. "काय गं, चंद्रावर शेत घेतलंस म्हणं? पाणी हाय का तिथं?" ऊसतोड चालू आहे, मागून ट्रॅक्टरचा आवाज. त्यांना खूप आनंद झाला होता. मी "हो अप्पा, हो अप्पा" करत राहिले.

इथं सांगलीत माझ्याबरोबर आत्या असते. ती मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "पहिली आलीस, आनि तोंड असं का?" मी म्हटलं, दमले. तिनं पुढं विचारलं नाही. ती विचारत नाही. थांबते.

मी पाचवीपर्यंत शाळेत गेलेच नाही. छातीचं दुखणं होतं. दम लागायचा, घरघर वाजायची. डॉक्टर म्हणाले, धुळीत आणि पोरांच्या गर्दीत पाठवू नका. मग चंदनबाला आत्या हीच शाळा. तिनं लग्न केलं नव्हतं, बारावी झाली होती, आणि तिच्यासारखं शिकवणारं मला नंतर कॉलेजातही कुणी भेटलं नाही. समडोळीच्या घरात सोप्यावर पाट. पाटी. तिच्या तासाची घंटा म्हणजे पाणी. गाळलेलं पाणी दोन घटका चालतं, मग परत गाळायचं – आपल्या जैनांत तसंच. म्हणून दर दोन घटकांनी ती उठायची. आत जायची, फडकं झटकल्याचा आवाज, पितळेच्या घागरीवर भांड्याचा आवाज. परत आली की माझी आधीची गणितं परत बघायची. "मघाशी बरोबर हुतं म्हणून आत्ता बरोबर असंल असं न्हाई." दिवसभर असं. रात्रीसुद्धा – जाग आली की तोच आवाज, आणि मग मी परत झोपायची. माझं पाणी वेगळं असायचं, डॉक्टरांनी सांगितलेलं, उकळून झाकलेलं, छोट्या स्टीलच्या कळशीत.

तेव्हापासून मला कुठलंही उत्तर एकदा बघून पुरत नाही. लोक हसतात. हसू देत. मी परवा बघितलं नसतं तर?

बघितलं नसतं तर आज आनंदात असते. हेही खरं.

९ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. कॅन्टीनच्या मागच्या बाकावर.

यशराज आधी हसला. मग हसायचा थांबला. "म्हंजे उतरलं न्हाई?"
"टेकलं. आणि पडलं."
"नियम काय? धा मिनिटं, पन्नास मीटर. बसतंय का न्हाई?"
"बसतंय."
"मग संपला की विषय!"

संयोगिता कपात चमचा फिरवत होती. साखर कधीच विरघळली असणार. म्हणाली, "तू थांबली नसतीस तर कुणाला कळलं असतं?"
"कुणाला नाही."
"आयोजकांना?"
"त्यांचं मोजणं दहा मिनिटांवर थांबतं."

यशराज उठला. "हे बघ त्रिशला. तुमच्या घरचं पाणी तू खुशाल गाळ. आमच्या टीमचं कशाला गाळत बसतीस?"

लागलं. खूप लागलं. तो लगेच म्हणाला, "तसं न्हाई गं म्हणायचं मला," पण मी दप्तर उचललं होतं. साडेपाचला घरी. सूर्यास्ताच्या आत जेवले.

मला त्याचा राग नाही. त्याचे वडील सैन्यातून सुभेदार होऊन परत आलेत, पाटण तालुक्यात शेती करतात, आणि त्यांना वाटतं पोरगा सांगलीत बसून व्हिडिओ गेम खेळतोय. पहिला नंबर त्यांना दाखवायला हवा होता त्याला.

पण आमचा नंबर एका पडलेल्या यानावर उभा आहे. हे मी विसरूच शकत नाही. प्रयत्न केला. दोन दिवस केला.

१० जानेवारी, शनिवार

कोणी फोन केला नाही. मीही नाही. आत्याबरोबर विश्रामबागच्या बाजारात गेले, हरभऱ्याची भाजी आणली, निवडली. एक किडकं पान दिसलं म्हणून सगळी परत निवडली. आत्या म्हणाली, "बास की आता, काड्या उरतील."

११ जानेवारी, रविवार

संयोगिता घरी आली. न सांगता. हॉस्टेलवरून चालत. आत्यानं तिला काही न विचारता ताट वाढलं – "बस बाई, ऊन हाय तवर जेवून घे. कराडची न्हवं का तू? तुमच्याकडं भाकरी जाड असत्यात, ही पातळ हाय, दोन जास्त घे."

मग संयोगितानंच आत्याला सगळं सांगितलं. चिंचोका, वाटी, हिरवा दिवा. मी खाली मान घालून जेवत होते. तिचं सांगणं माझ्यापेक्षा चांगलं – हातात वाटी घेऊन हळूहळू खाली आणत होती, आणि आत्या खरंच बघत बसली होती, ती पडते की नाही.

"मग ते यान तिथंच पडलंय?" आत्यानं विचारलं.
"हो."
"आनि यादीत उभं हाय?"
"हो."

आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली. "आमटी घे गं," म्हणाली. बस. एवढंच.

जिना उतरताना संयोगिता म्हणाली, "मेल लिही. माझं नाव घाल. यशराजचं काय ते मी बघते." आणि मग, दोन पायऱ्या खाली गेल्यावर – "मला पण जायचंय गं बेंगळुरूला. घरी माझ्यासाठी मुलगा बघायला लागलेत. सहा महिने तरी मिळाले असते." तिच्यामागून फाटकापर्यंत गेले नुसती.

१२ जानेवारी, सोमवार

यशराज स्वतःच लॅबमध्ये आला. खुर्ची उलटी करून बसला.

काल रात्री त्याच्या वडिलांचा फोन होता. त्यानं सांगितलं, पहिला आलो, यान उतरवलं. वडील म्हणाले, "भले! मग आता कुठं हाय ते?" हा म्हणाला, "कुठं म्हंजे?" – "म्हंजे उतरलं न्हवं? मग आता कुठं हाय, काय करतंय? आमी चौकीवर पोचलो की तवा बी कळवायचो, आनि तासाभरानं परत कळवायचो. पोचनारी मानसं लय आसत्यात."

"मला काय सांगायचंच कळंना," यशराज म्हणाला. "पडलंय म्हणायचं तर तोंड उचलंना. नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवला!"

मग तिघंही हसलो. चार दिवसांत पहिल्यांदा.

मेल लिहिला. मी पंधरा ओळी लिहिल्या होत्या. यशराजनं अकरा खोडल्या. "रडकं लिहू नको. आपण काय चोरी केलेली न्हाई. काय झालं ते लिही, लॉग जोड, आनि तिघांची नावं." त्याचं बरोबर होतं. ४.४० ला पाठवला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ. उत्तर नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

हरकतींची मुदत संपली. साइटवर आकडा दिसतो: आलेल्या हरकती – एक. आमच्यावर, आमचीच.

१६ जानेवारी, शुक्रवार

उत्तर आलं!!

पाचदा वाचलं, म्हणून आता शब्दाला शब्द पाठ आहे. त्यांनी आमचा मेल आल्यावर तेवीसच्या तेवीस टीमच्या उड्डाणांची नोंद काढली आणि दहा मिनिटांवर न थांबवता पुढं चालू ठेवली. तासाभरानं एकही यान उभं नव्हतं. एकही नाही! सात आडवी. चौदा खड्ड्यांत. दोन तर चंद्र सोडून गेलेली – कड्यांच्या दिशेनं, एकटीच.

"आम्ही स्वतःही दहा मिनिटांच्या पुढे कधी पाहिले नव्हते. आपले आभार." यादी रद्द. सगळ्यांनी २४ जानेवारीला परत उतरायचं. नवा नियम – पाय टेकल्यापासून एक तास. यान उभं, बॅटरी चालू.

म्हणजे आमचा पहिला नंबर गेला. आणि सगळ्यांचाच गेला.

यशराजनं वडिलांना फोन लावला. पलीकडून एवढंच ऐकू आलं – "मग आता नीट उतरव की रं!"

१७ जानेवारी, शनिवार

स्पर्धेच्या ग्रुपवर आमच्या नावानं शिमगा चाललाय. "सांगलीवाल्यांना कुणी सांगितलं होतं?" "हमारा दूसरा नंबर था यार." "सत्यवादी टीम." एकानं नुसतं पडलेल्या यानाचं चित्र टाकलं आणि खाली हात जोडलेले.

मी प्रत्येकाला उत्तर लिहायला बसले होते. खरंच! प्रत्येकाला वेगळं, नाव घेऊन. संयोगितानं फोन काढून घेतला. यशराजनं ग्रुपवर एकच ओळ टाकली: "चोवीसला भेटू, उभ्यानं." मला आवडली. सांगितलं नाही त्याला.

१८ जानेवारी, रविवार

आज डोकं चाललं. तिघांचं!

अडचण अशी. उडणं थांबवता येत नाही. त्यासाठी वरून खाली दाबणारं इंजिन लागेल, आणि संयोगिता म्हणते, "तेवढं इंधन उरतच नाही, वाटलं तर मी रडून दाखवते." मी म्हटलं, उडण्याची भीतीच नाही. पहिलं उडणं अकरा मिनिटं, दुसरं साडेपाच, मग पावणेतीन – निम्मं निम्मं करत सगळी मिळून बावीस मिनिटांच्या आत संपतात. घात होतो तो आडव्या सरकण्यानं.

यशराज म्हणाला, "आमच्याकडं कोयनानगरच्या घाटात वडापची जीप बंद पडली ना, तर डायवर पयलं काय करतो? इंजिन बघत न्हाई. चाक डोंगराच्या अंगाला वळवून ठेवतो. घरंगळली तर गटारात जाऊन बसंल, दरीत न्हाई."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो घाबरला. "काय चुकलं का?"

चुकलं नाही! गुळगुळीत बाजू सपाट दिसते म्हणून सगळे तिथंच उतरायला जातात आणि घसरून खड्ड्यात पडतात. शेवटी खड्ड्यातच जायचं असेल तर आधीच खड्ड्यात उतरू. वाडग्यासारखा गोल खड्डा हवा. यान कुठंही उडालं तरी काठ त्याला परत मध्ये ढकलेल. उडू दे. मोजत बसू.

राहिलं ऊन. खड्ड्यात सावली लवकर येते. बॅटरीला तासभर ऊन हवं. यशराज म्हणाला, "ते त्रिशलाकडं. सूर्यास्ताच्या आत उरकायचं, त्यांचं घरचंच खातं हाय."

या वेळी लागलं नाही. उलट बरोबरच आहे ते!

२० जानेवारी, मंगळवार

खड्डा सापडला. एकशे सत्तर बघितले. रुंदी सहाशे मीटर, तळाला बारीक भुकटी, काठ सगळीकडून सारखा. ऊन एक तास चाळीस मिनिटं. त्यातले पहिले दहा आणि शेवटचे तीस मी सोडले. संयोगिता म्हणाली, "तीस कशाला?" म्हटलं, असू देत.

२२ जानेवारी, गुरुवार

सराव चौदा वेळा. अकरा वेळा उभं राहिलं. तीन वेळा नाही – तिन्ही वेळा यशराजनं मधेच इंजिन चालवलं, धीर न निघून. त्याला सांगितलं, पाय टेकले की हात मांडीखाली घालून बसायचं. "शाळेत बी एवढी शिक्षा न्हवती," म्हणाला.

मला आश्चर्य वाटतंय – मी शांत आहे. बाकीच्यांना थांबणं जड जातं. थांबणं हे तर माझंच काम. लहानपणापासूनचं.

२४ जानेवारी, शनिवार
दुपारी ४.३०

सगळं लिहिते, जसंच्या तसं.

२.५२ ला पाय टेकले. यशराजनं हात मांडीखाली घातले. यान उडालं. कड्यांची पांढरी रेघ खिडकीत सरकत होती, खूप सुंदर – पहिल्यांदा बघितली मी नीट, आजवर आकड्यांमधून मान वरच केली नव्हती. अकरा मिनिटांनी परत टेकलं. बरोबर अकरा!

दुसरं उडणं साडेपाच मिनिटांचं हवं होतं. सहा झाली. साडेसहा. खाली दगड असणार, नकाशात न दिसलेला. यान काठाकडे चाललं होतं. यशराज म्हणाला, "त्रिशला. सांग. चालवू?" संयोगितानं माझा दंड धरला होता, वळ आहेत अजून. मी काठाची उंची मोजली. परत मोजली. म्हटलं, नाही.

"काठावरनं गेलं तर?"
"जाणार नाही."
"कशावरनं?"
"दोनदा मोजलंय."

काठाच्या खाली चाळीस मीटरवर टेकलं. आणि परत आत वळलं – हळू, गुरं घराकडे वळावीत तसं. मग लहान. मग त्याहून लहान. सव्विसाव्या मिनिटाला भुकटीत बसलं. नऊ अंश कललेलं. पण उभं!

कोणी ओरडलं नाही. हिरवा दिवा लागायला अजून चौतीस मिनिटं होती. तिघं बसून राहिलो. यशराजचे हात तसेच मांडीखाली, मुंग्या आल्या तरी. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला मी सवयीनं पुढं झाले. तर ते दोघंही माझ्याआधी स्क्रीनला चिकटलेले! उभं. बॅटरी एकाहत्तर.

एका तासानं हिरवा दिवा. तरीही यशराज म्हणाला, "थांब गं. उंची बघ आधी."

उंची शून्य.

२६ जानेवारी, सोमवार

निकाल. तेवीसपैकी चार यानं उभी. आम्ही दुसरे! बेंगळुरू!! दोन फेब्रुवारीला हजर व्हायचं.

संयोगितानं घरी फोन केला. बाहेर जाऊन, बराच वेळ. परत आली तेव्हा नाक लाल होतं, आणि म्हणाली, "ऑगस्टपर्यंत कुणी विषय काढणार नाही."

यशराजचे वडील कराडला गाडीवर सोडायला येणार आहेत म्हणे. फोनवर त्यांनी विचारलं, "अजून तिथंच हाय न्हवं?"

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." मग आत जाऊन थोडा वेळ तिथंच थांबली.

२९ जानेवारी, गुरुवार

बॅग भरते आहे. गाळण्याचं फडकं घेतलं, दोन. पण कंपनीत दर दोन घटकांनी उठून पाणी कसं गाळणार? कोण उठू देईल? सकाळपासून हाच घोळ. शेवटी आत्याला विचारलं.

ती हसायला लागली. "उकळून घे की! उकळलेलं चोवीस तास चालतं. एवढं शिकवलं तुला, आनि हे इसरलीस?"

विसरले नव्हते. पाठ होतं. कधी जोडूनच बघितलं नव्हतं.

माझं पाणी तर लहानपणी उकळलेलंच असायचं. आणि रात्री आमच्या घरात कुणी पाणी पीतच नाही – आत्या तर औषधापुरतंसुद्धा नाही. मग रात्री दर दोन घटकांनी ती कशासाठी उठायची?

३० जानेवारी, शुक्रवार

विचारलं. ती माझ्या साड्या घडी करत होती. हात थांबले नाहीत.

"तुझी छाती बघायला. डाक्तरांनी सांगितलं हुतं, श्वास लागतोय का बघत ऱ्हावा. दोन घटकांच्या वर माझा धीर निघायचा न्हाई."

"मग भांड्याचा आवाज? फडकं?"

"तू जागी झालीस तर कळाया नको म्हणून. पाणी गाळतीय म्हटलं की झोपायचीस."

मी म्हटलं, सांगायचं तरी.

"कशाला? सांगितलं असतं तर सगळा जलम श्वास मोजत बसली असतीस. तू हायसच तसली."